प्लेहाऊसचा सणासाठी मेकओव्हर, तोही आतून

अंगणातलं प्लेहाऊस सणासाठी सजवायचं म्हटलं की आपण मोठी माणसं काय करतो, चार पावलं मागे जातो, कमरेवर हात ठेवतो आणि बाहेरून बघतो. छपराला माळ, दाराला पताका, खिडकीला रिबीन, फोटो छान येतो, झालं काम. पण ज्याचं ते घर आहे ते पोर बाहेर उभं राहून बघतच नाही ना, ते आत असतं, भांडी मांडत असतं, बाहुलीला झोपवत असतं, नाहीतर नुसतंच लोळत असतं. त्याला छपरावरची माळ दिसतही नाही. म्हणून मला अगदी मनापासून वाटतं की ही सजावट आतून सुरू करायला हवी, आणि ती करताना खेळायची एक इंचही जागा जाता कामा नये.

करायला सोपं आहे, गुडघ्यावर बसा आणि आत शिरा. जमलं तर पाठीवर झोपा. मी झोपले तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझी लेक रोज काय बघते. छपराची आतली बाजू म्हणजे नुसता उघडावाघडा प्लास्टिकचा पत्रा, मधोमध साच्याची जोडरेघ, बाजूला आडव्या बरगड्या, एका कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं आणि नटबोल्टची गंजलेली टोकं. बाहेरून एवढं गोजिरवाणं दिसणारं घर आतून म्हणजे गोडाऊन. आणि तरी ती तिथे तासन् तास रमते, त्यामुळे तिच्या नजरेला पडेल असं काहीतरी त्या छपराखाली असायलाच पाहिजे हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आमचं प्लेहाऊस नणंदेच्या मुलीचं, ती मोठी झाली आणि ते आमच्याकडे आलं. लाल छप्पर फिकट गुलाबी झालेलं, भिंतीवरून हात फिरवला की बोटांना पांढरी पावडर लागायची. ही पावडर म्हणजे धूळ नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर तुटत जातो आणि त्याचा असा भुगा होतो. तो नीट काढला नाही तर त्यावर कुठलाही रंग, कुठलंही स्टिकर टिकत नाही, कारण ते चिकटतं भुग्याला, भिंतीला नाही. तेव्हा पहिलं काम आंघोळ. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. हिरवट काळे डाग असतील तर खायच्या सोड्याची पेस्ट लावून घासा, बऱ्यापैकी निघतात. बुरशी फारच असेल आणि ब्लीच वापरायचंच असेल तर पातळ करून, एकटंच, त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो, हे मी दर वेळी सांगते आणि सांगत राहणार.

धुताना अजून एक बघा जे सहसा कोणी बघत नाही. ही प्लास्टिकची घरं बऱ्याचदा दुहेरी भिंतीची आणि मधून पोकळ असतात, जोडांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच साचतं. भिंत हलवून बघा, आत डुबुक डुबुक आवाज आला तर पाणी आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होऊन उडतो. पॅनल आडवं करून पाणी काढून टाका, आणि खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोक आहे का बघा, नसेल तर ड्रिलने एक पाडून घ्या. छपराच्या वळचणीखाली गांधीलमाशीचं पोळं नाही ना हेही आधीच, पोरांना आत सोडायच्या आधी, दुरून बॅटरी मारून बघायचं.

आता रंग. इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते. बहुतेक प्लास्टिक प्लेहाऊस पॉलिथिलीनची असतात, कुठल्यातरी पॅनलच्या मागे त्रिकोणात 2 आकडा दिसला तर ते एचडीपीई, म्हणजे पॉलिथिलीनचीच एक जात, 5 दिसला तर पॉलिप्रोपिलीन हे दुसरं प्लास्टिक. दोन्ही जातीने मेणचट. ओल्या फडक्याने पुसून बघा, पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतं, आणि रंगाचंही तिथे तेच होतं. साधा भिंतीचा रंग मारला तर सुरुवातीला मस्त दिसतो आणि मग नखाने खरवडला तरी सालपटं निघतात, आणि ती सालपटं पोरांच्या तोंडात जातात. त्यामुळे एकतर प्लास्टिकसाठीचाच स्प्रे पेंट घ्या आणि डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, कारण प्लास्टिकसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रंगांवरसुद्धा पॉलिथिलीनवर चालणार नाही असं लिहिलेलं असतं, किंवा मग आधी ॲडहेजन प्रमोटर नावाचा, रंग धरून ठेवायला मदत करणारा पारदर्शक स्प्रे मारून मग रंग द्या. त्याआधी बारीक पॉलिश पेपरने, 220 नंबर वगैरे, हलक्या हाताने चकाकी घालवायची, भुगा पुसायचा, स्पिरिटच्या फडक्याने तेलकटपणा काढायचा. रंग पातळ पातळ हात मारत द्यायचा, एक जाड थर दिला की ओघळ येतात आणि आतून ओला राहतो.

आणि हे सगळं सणाच्या आदल्या दिवशी नाही हं. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नसतं, पूर्ण कडक व्हायला आठवडाभर धरून चाला, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय आत खेळू द्यायचं नाही. मारतानाही मास्क लावून, मोकळ्यावर, वारा नसताना, आणि पोरांना घरात ठेवून.

रंगाची शेड निवडताना आमच्याकडे मोठी चर्चा झाली. लेकीला छप्पर गडद जांभळं हवं होतं. "आई, जांभळंच, बाकी काही नको!" मी तिला उन्हात ठेवलेल्या दोन वाट्या हाताला लावून दाखवल्या, एक काळी आणि एक पांढरी, कुठली जास्त तापली ते तूच सांग. गडद रंग ऊन जास्त शोषतो, छप्पर तापतं, आत उकडतं, आणि पातळ प्लास्टिक उन्हाने वाकूही शकतं. मग तिनेच ठरवलं की छप्पर फिकट पिवळं आणि दार जांभळं. मला तो दरवाजा आता इतका आवडतो की काय सांगू, तिच्या हट्टाचा रंग तिच्या हाताच्या उंचीवर आहे, आणि दार ती दिवसातून शंभरदा उघडते.

ज्यांचं लाकडी आहे त्यांच्यासाठी वेगळं. लाकडाला बाहेरचा ॲक्रिलिक रंग छान बसतो, पण आधी सगळीकडे हात फिरवून कुसं शोधा, खास करून खिडकीच्या चौकटीच्या खालच्या बाजूला, कारण पोरं तिथेच धरून लोंबकळतात. रंग जुना असेल आणि कधीचा आहे ते माहीत नसेल तर त्यात शिसं असू शकतं असं धरूनच चाला. आता कितीतरी देशांत घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, आहे, पण जुन्या रंगांत ते त्याच्या कितीतरी पट असायचं, आणि मुलांसाठी शिशाची निर्धास्त अशी पातळीच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. असा रंग कोरडा घासायचा नाही, धूळ उडते. टेस्ट करून घ्या, आणि शिसं निघालं तर ते काम माहितगाराकडे द्या, घरी हौसेने करायचं ते काम नाही. अजून एक, जुनं हिरवट झाक असलेलं ट्रीटेड लाकूड. अमेरिकेत 2003 च्या शेवटापर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिक असलेलं सीसीए औषध दिलं जायचं, तसलं लाकूड घासू नका, कापू नका, जाळू तर मुळीच नका.

आणि पॅलेटचं लाकूड. प्लेहाऊसखाली उंच जमीन करायला किंवा बाहेर छोटा ओटा करायला खूप जण माल उतरवायचे पॅलेट आणतात, मस्तच कल्पना आहे, पण त्यावरचा शिक्का बघून. एचटी लिहिलं असेल तर लाकूड फक्त तापवलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते मुलांच्या आसपास नको. शिक्काच नसेल तर सोडून द्या.

हे झालं पायाचं काम, आणि ते एकदा केलं की वर्षानुवर्षं पुरतं. सणाचं जे काही आहे ते याच्यावर हलका थर म्हणून यायला हवं, चढवता येईल, उतरवता येईल आणि पुढच्या सणाला दुसरा चढवता येईल असा. त्यामुळे सणाचे रंग मी भिंतीला कधीच देत नाही. सणाचे रंग कापडात, कागदात, स्टिकरमध्ये, लायटिंगमध्ये. भिंत शांत, फिकट, कुठल्याही सणाला चालेल अशी.

छपराच्या आतल्या बाजूपासून सुरू केलं. जुन्या पातळ सुती साडीचा तुकडा, आकाशी, त्यावर लेकीने बटाट्याचे ठसे मारून चांदण्या केल्या. बटाटा अर्धा कापायचा, त्यावर चांदणीचा आकार ठेवून भोवतीचा भाग कापून टाकायचा (सुरी अर्थात माझ्या हातात), कापडाच्या रंगात बुडवायचा आणि ठपाठप मारायचा. पहिल्या दोन-चार चांदण्या एकदम ठसठशीत, नंतर बटाट्याला पाणी सुटतं, रंग पातळ होतो आणि चांदण्या धूसर येतात, आणि खरं सांगू का त्या धूसरच जास्त सुंदर दिसतात, लांबच्या वाटतात. मधेमधे बटाटा फडक्यावर टिपून घ्यायचा एवढंच. ते कापड छपराखाली सैल न सोडता ताठ ताणून बांधलं, चारही कोपऱ्यांना आणि मधेही, म्हणजे झोळ पडून डोक्याला लागत नाही आणि कोणी ओढलं तरी गळ्यात येत नाही.

बांधायचं कशाने हा मोठा प्रश्न असतो, कारण जिथे रंग चिकटत नाही तिथे गम आणि टेप तरी काय चिकटणार. डबल टेप उन्हात सुटतो, ग्लू गनचा गोळा टपकन निघून येतो. आमच्याकडे सगळी मदार केबल टायवर, म्हणजे ओढून घट्ट करायच्या त्या प्लास्टिकच्या बारीक पट्ट्यांवर. प्लेहाऊसला आधीपासून असलेली भोकं, खिडकीच्या जाळ्या, बोल्टच्या मागची खाच, तिथून टाय ओवायचे. काळे टाय घ्या, त्यातल्या कार्बनमुळे ते उन्हात पांढऱ्यांपेक्षा जास्त टिकतात. आणि उरलेलं टोक कापताना अगदी मुळाशी, सपाट कापा, तिरकं कापलेलं टोक ब्लेडसारखं लागतं आणि ते नेमकं पोरांच्या दंडाला नाहीतर गालाला लागेल अशाच उंचीवर असतं. नेलकटरने छान सपाट कापलं जातं, आणि कापून झालं की स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूने घासून बघा, तिथे टोचलं नाही तर कुठेच टोचणार नाही.

पताका मी आता क्रेप पेपरच्या करत नाही. दव पडलं तरी त्याचा रंग सुटतो आणि तो रंग कपड्यांवर, हातांवर, नव्या भिंतीवर सगळीकडे. त्यापेक्षा जुन्या चादरींचे, ओढण्यांचे त्रिकोण, किंवा टेबलावरच्या प्लास्टिक कापडाचे, धुता येतात, दर सणाला वापरता येतात. आजीने तिच्या शिवणाच्या पिशवीतले सगळे कापडाचे तुकडे लेकीसमोर ओतले आणि दोघींनी दुपारभर बसून जोड्या लावल्या, कुठल्या तुकड्याशेजारी कुठला. पताकांची दोरी मात्र बाहेरच्या बाजूलाच आणि मुलांच्या हाताच्या वर, दोन्ही टोकं घट्ट बांधलेली, मधे लोंबणारी नको. दाराशी लोंबणाऱ्या झिरमिळ्या, मण्यांचे पडदे, लांब रिबिनी, हे सगळं फोटोत फार गोड दिसतं पण पोरं पळत आत शिरतात, मागे दुसरं पोर ओढतं, आणि दोरी कुठे अडकेल सांगता येत नाही. दोरीच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

असंच कुठलाही कठडा, जाळी, सजावटीची चौकट नव्याने लावत असाल तर फटीचं माप घ्या. खेळाच्या मैदानांच्या अमेरिकन सुरक्षा नियमांत एक आकडा आहे तो मला फार उपयोगी वाटतो, फट साडेतीन इंचापेक्षा लहान हवी नाहीतर नऊ इंचापेक्षा मोठी. मधल्या मापाच्या फटीतून मुलाचं अंग पलीकडे जातं आणि डोकं अडकतं. आबांनी खिडकीखाली फळी लावताना टेप घेऊन प्रत्येक फट मोजली, मला सांगावंही लागलं नाही.

आता लायटिंग, ज्याच्याशिवाय सण सणच वाटत नाही. उघडी ज्योत प्लेहाऊसच्या आत नाही, दारातही नाही, शेजारच्या कट्ट्यावरही नाही, पॉलिथिलीन पेटलं की वितळून थेंब थेंब जळत खाली पडतं, पोरांचे कपडे असतात, कापडी छत असतं. हा विषय इथेच संपला. एलईडीच्या माळा घ्या, त्या फारशा तापत नाहीत. बाहेर लावायची माळ असेल तर खोक्यावर आयपी नंबर बघा, पहिला आकडा धूळ किंवा बारीक वस्तू आत जाण्याबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. आयपी 44 म्हणजे कुठूनही उडालेल्या पाण्याच्या शिंतोड्यांना चालेल, आयपी 65 म्हणजे धूळ आतच जात नाही आणि पाइपच्या धारेलाही चालेल. पावसाळी हवा असेल तर 65. पण गंमत अशी की बऱ्याचदा हा नंबर फक्त माळेला असतो, ॲडॅप्टरला नसतो, तेव्हा ॲडॅप्टर घराच्या आत, आणि बाहेर येईल ती फक्त कमी व्होल्टेजची वायर. घरातल्या मेन लाइनच्या व्होल्टेजची माळ मुलांच्या खेळघराला मी लावणारच नाही, कितीही स्वस्त आणि झगमगीत असली तरी.

सगळ्यात सोयीची म्हणजे पेन्सिल सेलवर चालणारी, ज्याच्या सेलच्या डब्याला स्क्रू आहे अशी. स्क्रू बघूनच घ्या. त्या छोट्या टिमटिमत्या मेणबत्त्या, चमकणाऱ्या अंगठ्या, लुकलुकणारी स्टिकरं यांत बटण सेल असतात आणि झाकण नखाने निघतं. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून करंट वाहतो, तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. मोठा चपटा लिथियम सेल, 20 मिलिमीटरचा, तर सगळ्यात धोक्याचा. शंका जरी आली तरी वाट बघत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, सरळ हॉस्पिटल. सणाला घरी पाहुण्यांची लहान लहान मुलं येतात, आपल्या पोराला कळतं म्हणून त्यांना कळेल असं नाही, त्यामुळे आमच्या प्लेहाऊसमध्ये बटण सेलवालं काही म्हणजे काहीच नसतं. तसंच बारीक मणी, टिकल्या, फुगे पण नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळी वापरतात, साधारण 32 मिलिमीटर रुंद, तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. घरी मोजायचं तर तुमच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडीतून आरामात पडतंय का बघा, पडलं की बाहेर ठेवा, थोडं जास्त काटेकोर होईल पण होऊ दे.

माळ कुठे लावायची? इथे परत तेच, आत. छपराच्या आतल्या कडेने, कापडी छताच्या आणि भिंतीच्या मधे, बल्ब दिसणार नाहीत आणि कापडातून उजेड झिरपेल अशी. बाहेरून बघणाऱ्याला फक्त खिडकीतून पिवळसर उजेड दिसतो, आत कोणीतरी राहतंय असा, आणि मला विचाराल तर छपरावर शंभर दिवे लावण्यापेक्षा तेच जास्त सणासारखं दिसतं. उबदार पिवळा घ्या, लुकलुकणारा नको, स्थिर. लुकलुकणाऱ्या उजेडात पोरं लवकर कंटाळतात आणि चिडचिडी होतात असं माझं निरीक्षण आहे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. सणाला नवीन काय हवं हे मी लेकीलाच विचारलं, आणि मला वाटलं होतं ती फुलं म्हणेल, चांदण्या म्हणेल, चमचम म्हणेल. ती म्हणाली, "पत्र टाकायचा डबा. सणाला सगळे येतात ना, मग मला पत्र टाकतील." मी थक्कच झाले. तिला घर सजवायचं नव्हतंच, तिला घरात काहीतरी घडायला हवं होतं! आइस्क्रीमचा रिकामा चौकोनी डबा, त्याच्या झाकणाला आडवी चीर, चिरेच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेल्या, आणि डबा दाराच्या बाजूला दोन केबल टायने आडवा बांधलेला, झाकण बाहेरच्या बाजूला. चीर मी जरा वर घ्यायला निघाले होते म्हणजे मोठ्यांना वाकायला लागू नये, तर आबा म्हणाले, "वाकू दे की त्यांना, घर तिचं आहे." मग चीर तिच्या छातीच्या उंचीवर. आत हात घालून पत्र काढता येईल असा डब्याचा मागचा भाग खिडकीतून आत उघडतो, म्हणजे पत्र टाकणारा बाहेर आणि घेणारी आत, दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही पण आवाज येतो.

त्या एका डब्याने जो खेळ झाला तो बाकी सगळ्या सजावटीने मिळून झाला नाही. काकाने लिहिलं, आत्याने लिहिलं, ज्यांना लिहिता येत नाही अशा पिटुकल्यांनी नुसत्या रेघोट्या मारून टाकल्या आणि तिने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. आबांचं पत्र खरं पत्रासारखं, वर तारीख, प्रिय चिरंजीव, पोटात विशेष लिहिण्यास कारण की आपल्या घराचे छप्पर गळते का. ती उत्तरं लिहायला बसली. पाहुणे मोठी माणसं खाली बसून, अक्षरशः जमिनीवर मांडी घालून, त्या चिरेतून आत बोलत होती.

तेव्हापासून माझा नियमच झाला की प्रत्येक सणाला एक तरी नवीन गोष्ट अशी हवी जी पोरांना करता येईल. बघायची गोष्ट एकदा बघून होते. दाराला खरी घंटा बांधा, खिडकीला दुकानाची फळी लावा, पाट्या पुसून परत लिहिता येतील असा खडूचा काळा रंग एका छोट्या प्लायच्या तुकड्यावर द्या आणि तो दाराशी अडकवा, सण बदलला की पाटी बदलते. आमच्या पाटीवर रोज वेगळी सूचना असते, कधी "आत या", कधी "झोपलो आहोत", आणि एकदा "फक्त मुली आणि आबा".

खाली जमिनीला जोडायच्या फोमच्या चटया छान, मऊ, पण त्या बाहेर कायम ठेवायच्या नाहीत, खाली ओल साठते, किडे होतात. सणापुरत्या टाका आणि रोज संध्याकाळी उभ्या करून ठेवा. आणि हो, पताका आणि कापड लावलं की वारा धरतो, हलकं प्लास्टिकचं घर सोसाट्याच्या वाऱ्याने सरकू शकतं, उलटूही शकतं, तेव्हा चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका किंवा आतल्या कोपऱ्यांत वाळूच्या पिशव्या ठेवा, वर उशी टाकली की बसायलाही होतात. मोठ्या पाहुण्यांना छपराला टेकू देऊ नका, हेही सांगावं लागतं.

सण झाल्यावर उतरवायचं कामसुद्धा लेकीबरोबरच करते, एकटीने रात्री गुपचूप उतरवलं तर सकाळी तिला आपलं घर कोणीतरी नेलं असं वाटतं. तीच ठरवते काय राहणार. या वेळी चांदण्यांचं छत आणि पत्राचा डबा राहिला, पताका आणि माळ उतरली. पताका धुवून, पूर्ण वाळवून, जुन्या उशीच्या अभ्र्यात. माळ गुंडाळायला पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना खाच पाडून त्यावर सपाट गुंडाळा, म्हणजे पुढच्या वेळी गाठी सोडवत बसायला नको, आणि सेल डब्यातून काढून ठेवा, आत राहिले की गळतात आणि पट्ट्या गंजतात. केबल टाय कापलेले तुकडे गवतात एकेक करून वेचून घ्या, अनवाणी पोरं धावतात तिथे. आणि पुठ्ठ्यावर मार्करने लिहून ठेवा ही माळ कुठल्या सेलवर चालते, किती लांब आहे, आणि ती आतून लावायची आहे.